उचललेली गाडी आणि आरसीवरची गाडी

पावसाळा तोंडावर आला की आमच्या पाटण तालुक्यात दोन गोष्टी हमखास वाढतात. एक, सडावाघापूरला उलटा धबधबा बघायला येणारी गर्दी. आणि दुसरी, "भाऊ, गाडी उचलून घ्यायचीय, पासिंगला काय अडचण येईल का?" असं विचारणारे मला येणारे फोन. पत्रकाराला आरटीओतलं सगळं माहीत असतं आणि त्याच्या एका फोनवर सगळं मिटतं, असा लोकांचा एक गोड गैरसमज आहे. मिटत काही नाही. पण या विषयात गेले काही महिने कलमं वाचली, मिस्त्रींशी बोललो, दोन गाड्यांखाली झोपूनही बघितलं. तेव्हा प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच इथे लिहितो. पोस्ट लांब आहे. ज्याच्या दारात थार, जिप्सी, जिमनी, गुरखा किंवा जुनी जीप आहे, त्याने वाचावी. ज्याच्या दारात फक्त स्प्लेंडर आहे, त्याने तर वाचावीच. का ते पुढे येईल.

आधी एक सांगतो. गाडी उचलणं ही थारवाल्या पोरांनी आणलेली फॅशन नाही. वडापच्या जीपला मागे एक-दोन पाटे जास्त टाकून घेणं हे आपल्या भागात आम्ही शाळेत असल्यापासून बघतोय. कंपनीने गाडी नऊ-दहा माणसांची दिलेली, आणि बाजाराच्या दिवशी आत-बाहेर-टपावर मिळून वीस. मग मागचं बूड रस्त्याला टेकू नये म्हणून पाटा वाढवायचा. पिकअपवाल्यांचं आजही तेच चालतं. रिकामी पिकअप मागून शेपटी वर केल्यासारखी दिसली की समजायचं, पाटा वाढवलाय. त्याला कुणी 'मॉडिफिकेशन' म्हणत नव्हतं. ती पोटाची गरज होती आणि कायद्याने तिकडे डोळेझाक केली होती.

आता उचलण्याचं स्वरूप बदललंय. पुढच्या-मागच्या स्प्रिंगा बदलायच्या किंवा त्यांच्याखाली ठोकळे घालायचे, दोन-चार इंच उंची वाढवायची, मग त्या मोकळ्या जागेत मोठे टायर, मग तो मोठा टायर शोभावा म्हणून लोखंडी बंपर, आणि बंपरवर किंवा टपावर एलईडीची लांबलचक पट्टी. एक केलं की दुसरं आपोआप येतं. पुण्या-कोल्हापूरकडे ही कामं करणारी दुकानं आहेत, आणि "बिनधास्त करा, कुणी विचारत नाही" हे वाक्य तिथे फुकट मिळतं.

विचारतात. आणि विचारायला त्यांच्याकडे काय आहे ते बघू.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. साध्या भाषेत: कंपनीने गाडीची जी मूळ वैशिष्ट्यं ठरवून दिली, त्यांच्यापेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. ज्या बदलाला मुभा आहे (मंजूर सीएनजी किट, इंजिन बदलणं वगैरे, त्यांच्या अटींसह) तो केल्यावर चौदा दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची. यावर बरीच वर्षं वाद होता. केरळच्या राज्य नियमांचा आधार घेऊन तिथल्या उच्च न्यायालयाने गाडीच्या रचनेत बदल करायला मोकळीक दिली होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ९ जानेवारी २०१९ ला न्या. अरुण मिश्रा आणि न्या. विनीत सरन यांनी स्पष्ट सांगितलं, की कंपनीच्या मूळ वैशिष्ट्यांना धक्का लावणारा बदल चालणार नाही, राज्याच्या नियमाचा आधार घेऊनही नाही. रंग बदलण्यासारखी गोष्ट परवानगीने, नोंद करून होते. गाडीचा सांगाडा, उंची, रचना हा वेगळा विषय.

त्याच वर्षी कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेला बदल मालकाने केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. यातले 'प्रत्येक बदलाला' हे दोन शब्द पुन्हा वाचा. बहुतेकांना वाटतं गाडीमागे पाच हजार. तसं नाही. माझ्या भाच्याने दोन वर्षांपूर्वी एक सेकंडहँड थार घेतली, २०१२ ची, पाट्याची. आधीच्या मालकाने हौसेने सगळं करून ठेवलेलं. आम्ही दोघं गाडीभोवती फिरून मोजत बसलो. पुढून-मागून वाढवलेली उंची, एकतीस इंची टायर, पुढचा लोखंडी बंपर, टपावरची लाईटची पट्टी, बाजारातून बसवलेला कडक टप. पाच. पंचवीस हजार, एका पावतीला. भाचा म्हणाला, "मामा, ह्यापेक्षा गाडीच तिथं सोडून यावी की."

बंपर आणि लाईटचं तर वेगळंच आहे. बुलबार, क्रॅश गार्ड यांच्यावर कारवाई करा असं केंद्रीय मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच सगळ्या राज्यांना कळवलंय. आणि गाडीच्या पुढे सर्चलाईट, स्पॉटलाईट लावायला मनाई करणारा नियम १११ केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये आलाय, म्हणजे तो या भाच्यापेक्षा वयाने मोठा आहे. अपवादात्मक परिस्थितीत नोंदणी अधिकाऱ्याच्या मंजुरीने लावता येतो. पट्टी लावलेल्या गाड्या मी तालुक्यात रोज बघतो. मंजुरीचा कागद अजून एकाकडेही बघितलेला नाही.

आता पोरांचा नेहमीचा प्रश्न: "कंपनीने दिलेलं चालतं, मग आम्ही तेच केलं तर का नाही?" प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तरही आहे. गाडीचं नवं मॉडेल बाजारात येण्याआधी त्याचा नमुना सरकारमान्य चाचणी संस्थेत तपासला जातो. यातल्या दोन संस्था आपल्याच राज्यात आहेत, पुण्याची एआरएआय आणि नगरची व्हीआरडीई. ब्रेक किती मीटरमध्ये लागतात, दिव्याचा झोत कुठे पडतो, हे सगळं त्या ठराविक उंचीला, त्या ठराविक टायरवर मोजलेलं असतं. फोर्सची गुरखा घ्या. तिला हवा आत घेणारी उंच नळी कंपनीतूनच येते, त्या नळीसकट गाडी तपासून पास झालेली असते. कुणी तिच्या नळीला हात लावत नाही. तशीच नळी दुसऱ्या गाडीला बाजारातून बसवली, तर ती गाडी त्या रूपात कुणीच तपासलेली नसते. निरीक्षकाचा आक्षेप नळीवर नसतो, न तपासलेल्या गाडीवर असतो. म्हणून कुणी विचारलं, तर माझं एका ओळीतलं उत्तर हे: जे तुमच्या मॉडेलला कंपनीने दिलंय ते ठेवा, बाकीचं रस्त्यावर आणू नका.

पण कायदा सांगतो म्हणून, एवढ्यावर आपल्याकडे कुणी ऐकत नाही हे मला माहीत आहे. म्हणून आता स्प्लेंडरवाल्यांच्या भागाकडे येतो.

भाच्याच्या गाडीला पुढे टॉर्शन बार आहेत. स्प्रिंग नाही, लांब सळई पिळून ताण देते अशी रचना. तिचा बोल्ट आवळला की गाडीचं तोंड वर येतं. एक रुपयाचा सामान लागत नाही, अर्ध्या तासाचं काम. त्यामुळे सगळ्यात जास्त हेच केलं जातं, आणि बऱ्याचदा फक्त पुढेच केलं जातं, कारण मागे पाटे असल्याने ती आधीच थोडी उंच दिसते. आता हिशोब करा. पुढचं तोंड दोन इंच, म्हणजे साधारण ५० मिलिमीटर वर गेलं. त्या थारच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २४३० मिलिमीटर. म्हणजे अख्खी गाडी, दिव्यांसकट, शंभराला दोनच्या हिशोबाने आभाळाकडे कलली. खालचा झोत, आपण ज्याला डिपर म्हणतो, तो साधारण शंभर मीटरला एक मीटर खाली पडेल असा लावलेला असतो. तो आता शंभर मीटरला एक मीटर वर जातो. पन्नास मीटरवर बघितलं तर जो झोत दिव्याच्या उंचीपेक्षा अर्धा मीटर खाली असायला हवा, तो अर्धा मीटर वर आहे. थारचा दिवा जमिनीपासून पाऊण-एक मीटरवर. त्यात अर्धा मीटर मिळवा. मोटारसायकलवर बसलेल्या माणसाचे डोळे बरोबर तिथे येतात.

चालवणारा म्हणतो, "मी तर डिपरवर होतो." खरंच असतो. त्याच्या डॅशबोर्डवर निळा दिवा नसतोच. समोरच्याला मात्र अप्परच दिसतो.

मल्हारपेठेकडून पहाटे पाचला दुधाचे कॅन लावून येणारी माणसं तुम्ही बघितली असतील. दोन्ही बाजूंना कॅन, त्यामुळे गाडी साईडला झटकन घेता येत नाही. पावसात काचेचं हेल्मेट धुक्याने भरतं म्हणून घालत नाहीत, किंवा काच वर करतात. गेल्या वर्षी अशाच एका दूधवाल्याला मी स्वतः चरीतून बाहेर काढू लागलो. हात मोडला नाही, दूध गेलं. समोरून आलेली गाडी कुठली, नंबर काय, काही सांगता येईना. "नुसता उजेड आला" एवढंच म्हणत होता. ती गाडी उचललेली होती की नुसतीच अप्परवर होती, मला माहीत नाही आणि मी तसा दावाही करत नाही. पण तेव्हापासून मी प्रत्येक उंच गाडीच्या दिव्याचे स्क्रू बघतो. दिवा खाली करायचे स्क्रू प्रत्येक गाडीला असतात. उंची वाढवणाऱ्या दुकानात ते कुणी फिरवत नाही, कारण फोटोत ते दिसत नाहीत.

बंपरचंही तसंच. कारचा बंपर कारच्या बंपरला भिडावा, मोडून धक्का जिरवावा, अशा उंचीला तो असतो. तो चार इंच वर नेला, त्यात जाड लोखंडाचा केला, की समोरच्या कारच्या दारात तो थेट आत बसलेल्याच्या बरगडीच्या उंचीला लागतो. आणि बॉनेट जेवढं उंच, तेवढं त्याच्या अगदी पुढ्यात उभं असलेलं पोर कमी दिसतं. आमच्या शाळेच्या फाटकासमोर दुपारी काय गर्दी असते, ती ज्यांची मुलं तिथे आहेत त्यांना सांगायला नको.

बाकीचं पटकन. टायर मोठा झाला की स्पीडोमीटर खोटं बोलतो. त्या थारचं कंपनीचं माप २३५/७० आर १६, म्हणजे घेर मोजला तर टायरची उंची सुमारे ७३५ मिलिमीटर. एकतीस इंची म्हणजे ७८७. काटा सत्तर दाखवतो तेव्हा गाडी पंचाहत्तरने पळत असते. ब्रेक मात्र तेच जुने, आणि मोठ्या चाकावर तेवढ्याच पायाला पकड कमी मिळते. गुरुत्वमध्य वर गेल्यावर कुंभार्लीच्या वळणात काय वाटतं ते एकदा चालवलेल्याला विचारा. एक्सलच्या जॉइंटवरचे रबरी बूट तिरके होऊन फाटतात, ग्रीस उडतं, मग सहा महिन्यांनी "कंपनीची गाडीच भंगार" असं ऐकायला मिळतं.

मला सगळ्यात मजेशीर वाटली ती गोष्ट वेगळीच. बस स्टँडमागे एक जुने मिस्त्री आहेत. वडापच्या जीपांना पाटे वाढवून देण्यात त्यांची हयात गेली. त्यांना विचारलं, की गाडी उचलली की दगड-धोंडे चुकतात ना? ते हसले. मला गाडीखाली बोलावलं आणि मागच्या एक्सलच्या मधोमध असलेल्या गोळ्यावर पाना आपटला. म्हणाले, "भाऊ, दगड लागतो तो ह्याला. पाटं वाढवा, स्प्रिंगा वाढवा, वरची बॉडी वर जाती. ह्यो गोळा चाकाच्या मधातच ऱ्हातो. त्यो काय वर येत न्हाय."

मी दोनदा विचार केला आणि पटलं. स्प्रिंग ही एक्सल आणि बॉडी यांच्यामध्ये असते. ती वाढवली तर बॉडी वर जाते, एक्सल जागेवर. मधला गोळा वर न्यायचा तर चाकच मोठं हवं. आणि चाकाची उंची ५२ मिलिमीटर वाढली तर गोळा निम्मा, म्हणजे २६ मिलिमीटर वर येतो. एक इंच. बॉडी वर गेल्याने चढाला तोंड आपटत नाही, उतारावर बूड घासत नाही, हे खरं. तेवढा फायदा आहे. पण नव्या थारला कंपनीच २२६ मिलिमीटरची उंची आणि ६५० मिलिमीटर पाण्यातून जायची क्षमता देते. वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांच्या कच्च्या रस्त्याने वर्षानुवर्षं साध्या जीपा आणि पिकअप जातायत. सडावाघापूरला तर पर्यटकांच्या छोट्या कार पोचतात, तिथे कुणाला एकतीस इंची टायर लागतात?

इथवर वाचून कुणी म्हणेल, हा बाबा गावात बसून शहाणपण शिकवतोय. तर ज्यांना खरंच लागतात त्यांच्याबद्दल बोलतो, कारण तेही माझेच लोक आहेत.

भाचा डोंगराकडच्या वाडीत राहतो. त्याच्या वर दोन धनगरवाडे आहेत. उन्हाळ्यात जीप जाते, पावसाळ्यात नाही. आजारी माणूस डोलीतून खाली आणायचा, रस्ता लागेल तिथे गाडी उभी करायची. भाच्याने गाडी घेतली ती हौसेने, नाकारत नाही. पण गेल्या दोन पावसाळ्यांत त्या गाडीतून माणसं खाली आली आहेत, आणि वाडीतला म्हातारा त्याला 'ॲम्ब्युलन्स' म्हणून हाक मारतो. त्याला मी कुठल्या तोंडाने सांगायचं, की कलम ५२ आहे, चाकं काढ?

सांगितलं. कारण त्या रस्त्यावर नेमकं काय उपयोगी पडतं ते आम्ही दोघांनी बसून काढलं. उपयोगी पडली फोर बाय फोर आणि लो गिअर. ती कंपनीची. चिखलात पकड घेणारी टायरची जाड नक्षी. ती कंपनीच्याच मापात मिळते, २३५/७० आर १६ मध्ये, भाराचा आणि वेगाचा अंक कंपनीने सांगितलाय तो किंवा त्याच्या वरचा बघून घ्यायचा. मापात तेच, फक्त नक्षी वेगळी. चिखल लागला की टायरची हवा कमी करायची आणि डांबरावर आलो की पंपाने पुन्हा भरायची, पंप आता हजार-दोन हजारात मिळतो. एक फावडं, एक चांगला दोर. बंपर, लाईटची पट्टी आणि दोन इंच उंची यांतलं काहीही त्या दोन पावसाळ्यांत निर्णायक ठरलेलं नव्हतं. अडकली तेव्हा गोळ्यावरच अडकली, मिस्त्री म्हणाले तशी.

आणि दुसरं कारण रोकडं होतं. त्या गाडीचं पासिंग २०२७ ला संपतंय. पंधरा वर्षं झाली की खासगी गाडी निरीक्षकासमोर उभी करावी लागते, तेव्हा पुढची पाच वर्षं मिळतात. कारची फी २०२२ पासून पाच हजार झालीय, वर पर्यावरण कर. त्या दिवशी आरसीवर एक गाडी आणि समोर दुसरी गाडी, असं चालत नाही. बरेच जण त्या दिवसापुरती जुनी चाकं लावून नेतात आणि संध्याकाळी परत बदलतात, हे मला ठाऊक आहे. माझ्या ओळखीतल्या एकाने तसंच केलं. चार महिन्यांनी गाडी घाटात कलंडली, विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, त्याने फोटो काढले, आणि गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला गेला. पॉलिसी घेताना बदल कळवलेले नव्हते. तीन वर्षं हप्ते भरले, आणि दुरुस्तीचे सव्वादोन लाख खिशातून गेले. विमा कंपनीवर तो आजही चिडलेला आहे. मी त्याला एवढंच विचारलं, की उलट्या बाजूला दूधवाला असता तर?

सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी एक. "सगळं आरसीवर एंडोर्स केलंय" असं विकणारा सांगतो. त्याला म्हणा, दाखव. एम-परिवहन ॲपवर गाडीची माहिती दिसते, आरसी हातात घेऊन बॉडीचा प्रकार, आसनं, वजन वाचून घ्या. नोंद नसेल तर ती नाही. आणि गाडी तुमच्या नावावर झाली की दंड भरणारे तुम्ही, ज्याने पाटे वाढवले तो नाही. मूळ स्प्रिंगा, मूळ बंपर मागून घ्या. भाच्याला ते भंगारवाल्याकडून शोधून आणायला दीड महिना लागला.

आता सरकारकडे वळतो, कारण सगळं पोरांच्याच गळ्यात मारणं मला पटत नाही.

उसाच्या हंगामात रात्री कराडच्या रस्त्याला या. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना परावर्तक, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर. त्याला कोण थांबवतं? वडापच्या वाढवलेल्या पाट्यांचं बोललोच आहे. निवडणुकीच्या दिवसांत ताफ्यातल्या काळ्या गाड्यांचे बंपर बघा. वायुवेग पथक थांबवतं ते कॉलेजच्या पोराची थार, कारण ती दिसते आणि तिच्यामागून कुणाचा फोन येत नाही. पोरांच्या डोक्यात मग कायद्याबद्दल जे बसतं ते बसतं.

दुसरं, दार नाही. ऑस्ट्रेलियात ठराविक मिलिमीटरपर्यंत उंची वाढवायला मुभा आहे आणि त्यापुढे जायचं तर मान्यताप्राप्त इंजिनिअरचं प्रमाणपत्र लागतं. अमेरिकेत बऱ्याच राज्यांनी बंपर जमिनीपासून किती उंच चालेल ते आकड्यात लिहून ठेवलंय. म्हणजे माणसाला कळतं की रेष कुठे आहे. आपल्याकडे रेष म्हणजे कंपनीची मूळ वैशिष्ट्यं. ती योग्यच आहे, पण ज्याला खरी गरज आहे, वनखातं, डोंगरातली बचाव पथकं, अशा वाडीतला एखादा माणूस, त्याने तपासून, पैसे भरून, कायदेशीर बदल करायचा तर तालुक्याच्या पातळीवर त्याला वाट नाही. कलम ५२ मध्येच केंद्र सरकारला विशिष्ट कारणासाठी सूट द्यायचा अधिकार आहे. पण धनगरवाड्याच्या पोराने दिल्लीला अर्ज करायचा का? चाचणी संस्था पुण्यात आणि नगरला असताना दोन इंचांपर्यंतचं किट एकदा तपासून त्याला मान्यता देणं, दिव्याची आणि ब्रेकची तपासणी सक्तीची करणं, हे अशक्य काम नाही. ज्यांना चिखलात खेळायचंय त्यांचा मार्ग वेगळा आहे. गोव्यात पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज होतं, तिथे पूर्ण बदललेल्या गाड्या बऱ्याचदा ट्रकवर चढवून नेतात. रस्त्यावर चालवत नाहीत. हौसेला मोल असतं, ते त्यांनी भरावं.

भाच्याच्या गाडीची सध्याची परिस्थिती: टॉर्शन बार मूळ मापाला सोडले, मागचे जादा पाटे काढले, कंपनीच्या मापाचे जाड नक्षीचे टायर घातले, बंपर जुना बसला. पट्टी काढून गोठ्यात लावलीय, म्हशींना रात्री लख्ख दिसतं. दिवे मिस्त्रींनी भिंतीसमोर उभे करून खाली केले, फुकट. कडक टपाचं अजून अडलंय. आरसीवर कापडी टपाची गाडी आहे. त्याचा अर्ज घेऊन आम्ही दोघं आरटीओच्या पुढच्या शिबिराला जाणार आहोत. काय उत्तर मिळतं ते लिहीन.

जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला देण्यासाठी एक निवेदन तयार केलंय. मागण्या तीनच. तालुक्यात दर महिन्याला दिव्यांचा झोत तपासायचं मोफत शिबिर, त्यात पिकअप आणि ट्रॅक्टरसुद्धा. कुठला बदल चालतो आणि कुठला नाही याचा मराठीतला फलक आरटीओत आणि शिबिराच्या ठिकाणी. आणि डोंगरी वाड्यांच्या गाड्यांसाठी राज्याने केंद्राकडे सुटीचा प्रस्ताव पाठवावा. प्रत सहीसाठी स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात ठेवलीय, रविवारपर्यंत आहे. थारवाल्यांनी सही करावीच. दूधवाल्यांच्या सह्या घ्यायला मी शनिवारी पहाटे डेअरीवर उभा असेन.